सानिकानं मोजलेला झोत

परवाचं सांगतो, अजून अंगावर काटा येतो. आमचे रोह्याचे भाऊकाका धाटावच्या कंपनीत शिफ्टा करून निवृत्त झाले. त्यांची मुलगी सानिका जर्मनीत एक्स-रे लेझरवर काम करते. त्या लेझरचा एक झोत किती वेळ टिकतो ते तिला मोजायचं होतं. वर्षभर जमत नव्हतं आणि नोकरीची मुदतही संपत आली होती.

मी काकांकडे चहाला बसलेलो असताना तिचा व्हिडिओ कॉल आला. पोरगी रडत होती.

"काय झालं गो?" काका घाबरले.

"बाबा, जमलं! झोत मोजला!"

"कुठल्या घड्याळानं?"

"एवढं वेगवान घड्याळच नाय, बाबा. झोत अणूंमधले इलेक्ट्रॉन बाहेर उडवतो. त्याच वेळी दुसऱ्या लेझरचा प्रकाश त्यांना ढकलतो. तो धक्का क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून कोण किती ढकलला गेला, त्यावरून तो कधी उडाला ते कळतं, आणि त्यावरून झोत किती वेळ टिकला ते."

"मग किती निघाला?"

"एक सेकंद ताणून तीन कोटी वर्षांचा केला ना, तर त्यात आमचा झोत काही सेकंदांचा."

काका हळूच म्हणाले, "एवढ्याशातपण काय काय घडतंय गो! आणि मी जन्मभर म्हणत आलो, वेळ नाय, वेळ नाय."