सुरी लागण्याआधी

(चोपड्याजवळचं एक गाव, १९९३. ओसरीवर तिघं : पार्वताबाई, दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीला असलेला तिचा मुलगा लोटन आणि मुंबईत कॅन्सरवर संशोधन करणारी मुलगी कुंदा. पार्वताबाईचा नवरा, नाना, आतड्याच्या कॅन्सरनं आतल्या खोलीत खाटेवर.)

पार्वताबाई : तू मधमा बोलू नको, लोटन. मी कुंदाले इचारस. सुरी लागनी म्हनीसन काळीजमा पसरनं का नही, इतलंच सांग व माय.

कुंदा : नाही. सुरीनं नाही पसरला.

पार्वताबाई : भाऊनी बाजूच घेशी तू. बठ्ठं गाव सांगस, गाठले लोखंड लागनं का ती फुटस. यानी जळगावले नेऊन बापनं पोट फाडं, आनि दोन महिनामा डोळा पिवळा!

लोटन : बघ, ऑपरेशन झाल्यापासून हे असंच. मी रजा टाकून येतो आणि ओसरीवरूनच परत जातो. नानांच्या खाटेपाशी जायचं नाही. पाणीसुद्धा माझ्या हातचं द्यायचं नाही.

पार्वताबाई : बापले कापाले देनारा हातनं पानी? मी जित्ती शे तवलग नही.

कुंदा : माय, ऐकून घे. मी तिकडे रोज हेच बघते. आतड्यातल्या पेशी एकमेकींना धरून असतात. एकीनं दुसरीला पकडून ठेवावं म्हणून त्यांच्या अंगावर प्रोटीनच असतं तसं. कॅन्सर झाला की ते कमी होतं, पकड सुटते. सुटलेली पेशी एक रस सोडते, खालचा पडदा विरघळवते आणि वाट काढत रक्तात शिरते. तिला कोणाची सुरी लागत नाही. ती स्वतःच कापत जाते.

पार्वताबाई : मंग काळीजमाच कसाले गयी? हात शेत, पाय शेत.

कुंदा : आतड्याचं रक्त आधी काळजाकडेच, म्हणजे यकृताकडे जातं, एका मोठ्या शिरेतून. त्यातून पुष्कळ पेशी जातात, बहुतेक वाटेतच मरतात. एखादी तिथल्या बारीक शिरांना चिकटते. काळीज स्वतःच्या दुरुस्तीसाठी वाढीची द्रव्यं बनवत असतं, ती हिला आयती मिळतात.

लोटन : आयतं खत.

पार्वताबाई : तू गप बठ. कुंदा, सुरी लागनी तव्हय एक बी पेशी सुटनी नही? घे नानानी आन.

कुंदा : शपथ नाही घेणार. ऑपरेशनमध्ये हात लागतो तेव्हा काही सुटतही असतील.

पार्वताबाई : हाईच! हाईच मी सांगस!

कुंदा : पण त्या या नव्हेत ना! सोनोग्राफीत लिंबाएवढ्या गाठी दिसल्या. एका पेशीची एवढी गाठ दोन महिन्यांत होत नाही. या जुन्या आहेत, सुरीच्या खूप आधीच्या.

पार्वताबाई : कितल्या आधीन्या?

लोटन : कुंदे, पुरे. आत जा, नानांना बघ.

पार्वताबाई : कितल्या आधीन्या, सांग.

कुंदा : दीड-दोन वर्षं. त्यांना रक्त पडायला लागलं असेल त्या सुमाराच्या. तेव्हाच कोणी डॉक्टरला कसं दाखवलं नाही?

लोटन : पुरे म्हटलं ना!

पार्वताबाई : परारना चैतमा रगत पडनं. मूळव्याध शे म्हनीसन मी औषध दिधं. मनी सासूनं औषध. धरणगावथीन लोके येतस मनाकडे. औषध चालू शे तवलग दवाखानानी पायरी चढानी नही, नही तर गुन जास. तीन अमावस दिधं, आनि त्यास्नी सांगं, रगत बंद व्हयनं. मी गावभर सांगत फिरनू, मना घरमा बी गुन उना.

कुंदा : आणि बंद झालं नव्हतं?

पार्वताबाई : मले काय इचारस? याले इचार. यानं तोंड देख. लोटन, तुले माहीत व्हतं?

लोटन : जळगावला नेताना एसटीत सांगितलं नानांनी. रक्त कधी थांबलंच नाही. शेतात जायचे आणि धोतर तिथंच पाटावर धुऊन यायचे. मी ओरडलो त्यांच्यावर. तर म्हणाले, जिचं औषध घ्यायला गाव येतं, तिचाच नवरा दवाखान्यात गेला तर तिला कोण विचारेल? मायला कळू देऊ नको म्हणाले.

कुंदा : आणि तू इतके दिवस शिव्या खात बसलास?

लोटन : मग काय करू? राग येतो मला, दोघांचाही येतो. कधी कधी वाटतं, सगळं ओरडून सांगावं चौकात. पण तू कशाला बोललीस? सुरीनं पसरला म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? नाना तर वाचणार नाहीतच.

कुंदा : तिनं विचारलं. खरं होतं ते सांगितलं.

लोटन : तुझं खरं सांगून तू उद्या मुंबईला जाशील. तिला इथंच राहायचंय.

पार्वताबाई : हळू बोला. त्यास्नी झोप मोडी.

कुंदा : माय, तू मुद्दाम नाही केलंस. तुला काय ठाऊक होतं?

पार्वताबाई : मले नका समजाडू. इतलं रगत गयं आनि शेजारमा झोपनारीले नाना एकदाव बी बोलनात नही. मनं नाव ऱ्हावाले पाहिजे म्हने! ते नाव काय चुलामा घालू आते?

लोटन : माय, आता तरी आत जाऊ? त्यांच्या पायाशी बसतो जरा.

पार्वताबाई : नही.

कुंदा : अजून नाही? आता काय राहिलं?

पार्वताबाई : मी याले आतमा येऊ दिधं तर नाना लगेच वळखतीन, इले समजनं म्हनीसन. त्यास्ले ते कळाले नको. लोटन, तू ओसरीवरच ऱ्हाय, भाऊ. मी आतमातून तुले शिव्या देसू. तू काही बोलू नको.