करडी कांडी

(मोनास्तिर शहरातली रसायनशाळा, सकाळचे दहा. ओल्फा इथं संशोधन करते. मोंजीकाका एकतीस वर्षं इथली काचेची भांडी धुतात.)

मोंजीकाका: डबाभर मकरूद, तेही खजुराचे? मिठाई वाटतेस म्हणजे लग्न ठरलं वाटतं.

ओल्फा: ठरलं! माझं नाही, नायट्रोजनचं. कार्बनच्या दुहेरी बंधाशी. तेही मध्यस्थाशिवाय!

मोंजीकाका: म्हणजे पळून गेले?

ओल्फा: ऐका ना. एरवी हे दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत. पॅलेडियम धातूचा मध्यस्थ लागतो जुळवायला. आपली बाटली महिनाभर कस्टममध्ये अडकलीय, म्हणून मी चिडून पॅलेडियम न घालताच मिश्रण तापवलं. आणि झालं की! बारापैकी अकरा वेळा. अकरा वाजता सेमिनारमध्ये सांगणार. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी डीनलाही बोलावलंय.

मोंजीकाका: डीन येणार म्हणजे मकरूद पुरणार नाहीत. आणि बाराव्या वेळी?

ओल्फा: तेव्हा नाही झालं. गुरुवार होता तो. मिश्रणाला ऑक्सिजन पुरवणारा फुगा गळत होता बहुतेक.

मोंजीकाका: फुग्याला विचारलंस?

ओल्फा: काका!

मोंजीकाका: बरं. ढवळायला चुंबकाची कांडी कोणती होती?

ओल्फा: माझी लाडकी, करडी. लकी आहे ती.

मोंजीकाका: कारखान्यातून ती पांढरीशुभ्र येते, पोरी.

ओल्फा: जुनी झालीय, एवढंच.

मोंजीकाका: जुना झालो तर मी पांढरा झालो, ती करडी कशी झाली? तुझ्याआधी ती इथल्याच एका संशोधकाकडे, फतहीकडे होती. चार वर्षं त्यानं तिला पॅलेडियममध्येच गरागरा फिरवलं. अंगात मुरलंय तिच्या. साबणानं जात नाही ते.

ओल्फा: असून असून कणभर असेल!

मोंजीकाका: मध्यस्थ बाईला लग्नात जागा किती लागते? कोपऱ्यात एक खुर्ची.

ओल्फा: (नोंदवही उघडून गुरुवारचं पान काढते.)

मोंजीकाका: गुरुवारीही करडीच होती?

ओल्फा: गुरुवारी ती सापडत नव्हती.

मोंजीकाका: मग?

ओल्फा: तुम्हीच नवी दिलीत. खोक्यातली. पांढरी.

मोंजीकाका: घे, एक मकरूद खा.

ओल्फा: नको. काका, तासच उरलाय. गप्प राहिले तर कुणाला कळणार आहे?

मोंजीकाका: कुणाला नाही. तिकडे स्फाक्सच्या प्रयोगशाळेतली एखादी पोरगी तुझं वाचून नव्या कांडीनं वर्षभर ढवळत बसेल आणि आपल्या नशिबाला बोल लावेल. मला काय, मला तिची भांडी धुवायची नाहीत.

ओल्फा: थांबा. मथळ्यातलं ‘पॅलेडियमशिवाय’ खोडलं. आता काय लिहू?

मोंजीकाका: जे झालं, ते.

ओल्फा: ‘करडी अकरा, पांढरी शून्य.’

मोंजीकाका: फुटबॉलचा निकाल वाटतोय. डीनला पहिल्यांदा काहीतरी कळेल.

ओल्फा: एक पांढरी द्या. सेमिनारआधी प्रयोग परत लावून जाते. या वेळी फुगाही नवा.

मोंजीकाका: ही घे. आणि करडीचं काय करू? आम्लराजात, त्या धातू विरघळवणाऱ्या आम्लात, बुडवली तर होईल स्वच्छ.

ओल्फा: नको, नको! तिला सोबत नेते. सगळ्यांना दाखवते.

मोंजीकाका: मग आण इकडे, जरा पुसून देतो. चारचौघांत चाललीय.