मशीनच्या मागनं

बब्रुवान : अगं धुरपदे, बस की बांधावर! पेरायला मशीन आणलीया, अन् तू तिच्या मागं लंगडत फिरतीस व्हय?

धुरपदा : फिरू न्हाय तर काय करू? बी पेटीत वतलं, झाकण लावलं. तिफणीच्या चाड्यावर माझी मूठ असली की दाणा न् दाणा कळतो मला. हितं काय कळतंय?

बब्रुवान : मुरुम गावच्या सोसायटीची मशीन हाय. लई रानं पेरली तिनं औंदा.

धुरपदा : पेरली असतील. माझ्याकडं एवढंच बी हाय. गेल्या साली ज्वारी करपली, तरी कणगीतलं हे म्या दळू दिलं न्हाय. हे वाया गेलं की बसा परत बहात्तरच्या दुष्काळासारखी खडी फोडत, अन् खावा रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. घशाखाली उतरत व्हत्या का त्या?

बब्रुवान : खरं सांग, तुला मशीनचा येवढा राग का?

धुरपदा : इतकी वरसं म्या पेरलं. सोसायटीत नंबर लावताना मला इचारलं तरी का? म्हातारी झाली, करा बाजूला. असंच ना?

बब्रुवान : खुळी का काय तू! गेल्या पेरणीला गुडघा धरून रानातच बसलीस. उठता येईना तुला. बैल तसंच सोडून पाठीवर घरी आणलं म्या. तवाच ठरवलं, हिला आता चालवायचं न्हाय.

धुरपदा : मग तसं सांगायचं की माणसानं! म्या आपली रातध्याड कुढतीया... अवं, थांबवा! ट्रॅक्टर थांबवा! ह्या ओळीत बीच पडलं न्हाय!

बब्रुवान : ए शिवशरण! बंद कर रं ट्रॅक्टर!

शिवशरण : काय झालं काका? बघू... काकू, बी ओलं केलंत का?

धुरपदा : गोमूत्र चोळलंय. दरसालीच चोळती, कीड लागू नये म्हणून.

शिवशरण : हातानं पेरताना चालतंय ओ. मशीनीत दाणे चिकटले, नळ्या तुंबल्या. आता बी वाळवून परत फिरवावं लागंल.

धुरपदा : आता गं बया! माझ्याच हातानं वाटोळं झालं. भुईत ओल तरी कुठं ऱ्हायलीया!

बब्रुवान : काय वाटोळं झालं न्हाय. तू मागं नसतीस तर सगळं रान मोकळं ऱ्हायलं असतं. हा माझा पटका घे, पसर त्याच्यावर बी.

धुरपदा : नवा पटका? वास मारंल अवं!

बब्रुवान : मारू दे. मला काय बाशिंग बांधायचंय व्हय?

(बी वाळतं. शिवशरण नळ्या साफ करून पेटी भरतो.)

शिवशरण : काकू, मागच्या फळीवर बसा. नळ्यांवर ध्यान ठेवायला एक माणूस लागतोय. माझा गडी आज आला न्हाय.

धुरपदा : बसून पेरायचं? भुईला पाय न लावता? लोक हसतील की रं!

बब्रुवान : हसू दे. चढ. हात दे हिकडं. हां, धर आता घट्ट.

धुरपदा : आन् तुमी कुठं निघालात मागनं?

बब्रुवान : पडलीबिडलीस तर? जल्मभर तू चाललीस. आज म्या चालतो.

धुरपदा : चाला मग. पर नळ्यांकडं बघा, माझ्याकडं न्हाय.