बियाण्याचा धूर

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, घोडेगावच्या बाजारपेठेतले ज्येष्ठ व्यापारी आदरणीय झुंबरलालशेठ. व्यासपीठावरचे पंचायत समितीचे सन्माननीय पदाधिकारी. आरोग्य खात्यातल्या भगिनी. आणि शिनोलीच्या वरच्या वाड्यांतून एसटीनं, जीपनं, काही तर पायी आलेल्या माझ्या आयाबहिणींनो, सर्वांना नमस्कार. ज्यांच्या सेवानिवृत्तीसाठी आपण जमलो, त्या आपल्या नर्सबाईंना, साळुबाईंना, नमस्कार जरा जास्त वाकून. कारण पुढं कळेल.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मास्तरला पाच मिनिटं हजेरी घ्यायलासुद्धा पुरत नाहीत, हे आयोजकांना ठाऊक असायला हवं होतं. असो. काल दुपारपर्यंत माझं भाषण तयार होतं, फुलस्केपची दोन पानं, सुवाच्य अक्षरात. ती पानं घरीच ठेवून आलोय. बारा वर्षांपूर्वी मी या बाईंविरुद्ध तालुक्याला एक अर्ज केला होता. आज त्या अर्जाचा निकाल लावायचा आहे.

साल त्र्याण्णव. माझी आरती आठ महिन्यांची. हो, मघाशी स्वागतगीत म्हणताना जिनं शेवटचा सूर शेठजींची मान डोलेपर्यंत लांबवला, तीच. तेव्हा तिला रडायलाही दम पुरत नव्हता. महिन्यातून दोनदा छाती भरायची. आमचं घर तुम्हाला माहीत आहे, कारण तुमचंही तसंच होतं. एक खण, खिडकी नाही, मध्ये चूल आणि चुलीवर माळा. पावसाळ्याचे चार महिने ओली लाकडं आणि लावलेलं दार. घरात शिरलं की आधी डोळ्यांना पाणी यायचं, मग माणसं दिसायची. आणि आम्ही म्हणायचो, चूल म्हटली की धूर असायचाच, त्यात सांगण्यासारखं काय?

बाई पहिल्यांदा घरी आल्या, आरतीला मांडीवर घेतलं आणि माझ्या आईच्या, अंबाबाईच्या, पाठीला कान लावून म्हणाल्या, "अंबाबाई, विडी ओढता का?"

आई असली भडकली! "देवाशप्पथ न्हाई! वढायचा माझा सासरा. त्याचं मला कशापायी इचारता?"

"मग छाती त्याच्यावाणी का वाजती? चुलीपुढं बसून तुम्ही रोज बंडलभर ओढताय. आणि मांडीवर बसून ही पोरगीपण."

पंधरा दिवसांत बाईंनी आमच्याकडे निर्धूर चूल बसवली, स्वतः चिखल तुडवून. कौलात एक काचेचं कौल घातलं. सिमेंटचा पाइप शेठजींच्या दुकानातला. शेठजी, आठवतं? तुम्ही दोरीनं बांधून तो एसटीच्या टपावर चढवलात आणि कंडक्टरला दम भरलात, "जपून रे, त्यात लोकांचा श्वास आहे." शेठजी हसतायत, म्हणजे आठवतंय.

दिवाळीपर्यंत घर असं स्वच्छ राहिलं, की बायको म्हणाली, "अहो, भिंतीवरची खुंटी दिसाया लागली." आणि दिवाळीनंतर, भात घरात आलं आणि पुन्हा धूर! चूल नवी, पाइप नवा, पण डोळ्यांना पाणी जुनंच. ऐन पौषात आरतीचे ओठ काळेनिळे पडले. जीप करून तिला इथं घोडेगावच्या दवाखान्यात आणलं. तीन दिवस नाकात नळी. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा दिवस उशीर झाला असता तर आमच्या हातात काही नव्हतं.

चौथ्या दिवशी पोरीला घेऊन घरी निघालो, तर एसटी स्टँडवर बाई दिसल्या. आमच्यासाठीच पेजेचा डबा घेऊन निघाल्या होत्या. आणि मी, शिकलासवरला माणूस, भर स्टँडवर त्यांच्यावर ओरडलो. "आकडे भरायला चुली बसवता आणि पोरं आमची मरायला टेकतात!" माणसं गोळा झाली. बाई एवढंच म्हणाल्या, "गुरुजी, माझंच चुकलं असंल. उद्या येऊन बघते." डबा माझ्या हातात दिला आणि गेल्या. मी त्यातली पेज प्यालो आणि त्याच संध्याकाळी बसून अर्ज लिहिला. अक्षर माझं चांगलं, मजकूर त्याहून कडक.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. आम्हा सगळ्यांना अंगणात काढलं आणि आईला घेऊन तासभर आत. त्या दिवसापासून घरातला धूर जो गेला तो आजतागायत गेला. इकडे वरून बाईंकडे लेखी खुलासा मागवला गेला. त्यांनी एका ओळीत लिहून दिलं, पाइप बसवण्यात माझी चूक झाली. त्या वर्षी उत्कृष्ट आरोग्यसेविका म्हणून त्यांचं नाव पुढं गेलेलं होतं, ते मागे आलं. मला वाटलं, न्याय झाला.

पुढं वाडीवाडीत चुली बसवताना बाई एक अजब प्रश्न आधी विचारायच्या. "तुमचं बी कुठं टांगता?" आम्ही म्हणायचो, नर्सबाईंना शेतीचा नाद लागला.

तर काल मी पडवीत भाषणाची तालीम करत होतो. 'आपली चूक प्रांजळपणे कबूल करणाऱ्या साळुबाई', असं फर्मास वाक्य होतं. आई नाचणी पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "बंद कर तुझं भाषान. बाईचं काय बी चुकलं नव्हतं. बोळा म्या घातला व्हता."

"कसला बोळा?"

"गोनपाटाचा. माळ्यावर चढून पाइपाचा सांधा मोकळा केला आन् वरल्या तोंडात कोंबला. बियाला धूर नगं का?"

बघा, पुढच्या दोन रांगा पदर तोंडाला लावून हसतायत. म्हणजे बोळे आणखीही घरांत होते!

बरोबर आहे. पुढच्या सालचं बी चुलीवरच्या माळ्यावर, धुरात टांगायचं, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. धूर बंद झाला की किडा. आई म्हणाली, "तुजा बा त्याच साली गेला. त्यानं राखल्यालं भाताचं बी ते. बघते तर दान्याला भोकं पडाया लागल्याली. म्हनलं, बी गेलं तर ह्या पोरीच्या तोंडात म्होरल्या साली घालायचं काय? आन् पोरगीच जाया निघाली. बाईनी बोळा काढला तवा म्या पाय धराया गेले. तर म्हनल्या, अंबाबाई, बी बी जगवू आन् नात बी."

दोघींनी मिळून पडवीच्या उघड्या टोकाला तीन दगड मांडले, बी तिथं टांगलं. आठवड्यातून एकदा धुरी, वर निरगुडीचा पाला. एवढा साधा उपाय. मी आईला विचारलं, मग मला का नाही सांगितलं? तर म्हणाली, "बाईनीच शपथ घातली. म्हनल्या, माझ्यावरला राग निवंल, पर आईवरला लेकाच्या मनात ऱ्हाईल."

खरं सांगतो, काल मला जेवण गेलं नाही. तेव्हा मी किती तापट होतो ते मलाच ठाऊक. आईला काय काय बोललो असतो, आणि ते शब्द मग कुठं नेऊन टाकले असते? बाईंनी माझी पोर वाचवली, हे मला माहीत होतं. माझी आईही माझ्यासाठी राखली, हे काल कळलं.

मंडळी, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायची पद्धत आहे. तुम्ही आजचं घाला. साळुबाई, तुम्ही मात्र माझं बारा वर्षं पोटात घातलंत. तो अर्ज मी आज या सभेत, सगळ्यांदेखत मागे घेतो. चूक माझी होती. मला माफ करा.

शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार शेठजींच्या हस्ते होईल. आपण सगळे आलात, ऐकून घेतलंत, आभारी आहे. फक्त एक राहिलं. मागच्या रांगेत आई बसली आहे, तिनं त्याच भाताचं बी फडक्यात बांधून आणलंय, बाईंच्या गावाकडच्या वावरासाठी. लाजते आहे, वर येत नाही. आरती, आजीला हात दे. बोळा तिनं घातला होता, गाठोडंही तिनंच द्यायला हवं.