साडूंनी फोडलेली तबकडी

भरवसा कुणावर ठेवायचा हो, छातीठोक बोलणाऱ्यावर की समोर टांगलेल्या कागदावर? संगमनेरला माझं बियाण्याचं दुकान, पण पोरगी ऋतुजा बंदुकीनं उडत्या मातीच्या तबकड्या फोडते. निवड चाचणी तोंडावर आली आणि तिच्या तबकड्या फुटेनाशाच झाल्या. "अप्पा, सोडून देते मी," म्हणाली.

आमच्या साडूंच्या सल्ल्यानं आम्ही नुकतंच बंदुकीला अरुंद तोंड बसवलं होतं. "नळीचं तोंड जितकं आवळलेलं, तितका नेम पक्का!" असं त्यांचं म्हणणं.

शेवटी मैदानावरच्या मास्तरांनी साडूंसमोरच, तबकडी फुटते तेवढ्या अंतरावर, मोठा कागद टांगला. ऋतुजानं बार काढला. एका बारात सुटणारे शेकडो बारीक छर्रे, सगळे ताटाएवढ्या जागेत! मग तोंड बदलून मोकळं बसवलं, तर दुसऱ्या कागदावर ते मोठ्या परातीएवढे पसरले. मी हबकलोच. पोरीचा नेम जवळूनच जात होता, पण एवढ्याशा माऱ्यातून तबकडी सहज निसटत होती.

"पाहुणं," मी साडूंना विचारलं, "तुम्ही त्या आवळलेल्या तोंडानं किती फोडल्या?"

"एक. पन काय फुटली म्हनता! पार पीठ झालं हुतं!"

"आणि चुकलेल्या?"

"आता त्या कोन मोजत बसतंय?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. या एका तबकडीवर माझी पोरगी बंदूक खाली ठेवायला निघाली होती!

तेव्हा मंडळी, कुणाच्या पोरांना सल्ला द्यायचा तर जरूर द्या. फक्त आधी चुकलेल्या तबकड्यांचाही हिशोब धरा.