तीन वर्षांचा कोरोना

अमेरिकेतल्या मेव्हण्याचा सल्ला घेऊ नका, एवढंच सांगतो. कोरोनात इलाजासाठी मी कारखान्यातला पीएफ काढलता. मेव्हणा फोनवर म्हणला, "दाजी, इन्कमटॅक्सला रक्कम एकदम दाखवू नका, तीन वर्षांत वाटून दाखवा. आमच्याकडं तसाच नियम हाय."

आपल्याकडं त्यावर कर नव्हताच, पण हे मला कुणी सांगावं? दरसाल इमानदारीनं थोडी थोडी रक्कम दाखवली, वर करही भरला. मग नोटीस आली.

बीडला त्यांच्या हापिसात गेलो. साहेब कागद चाळत म्हणले, "दरसाल कोरोनासाठी पैसे काढलेले दिसतात. तुमाला तीन वर्षं कोरोनाच होता का?"

म्हणलं, "साहेब, दवाखान्यातला पंधरा दिवसांत गेलता. ह्यो तुमच्या हापिसातला काय जाईना."