उजव्या बाजूचा मान

चंद्राबाई : मेथी ठेवलीय अंबूबाई, परड्यातली. आणि भाऊ, तुम्ही तोंड फिरवू नका. मी काही भाजी द्यायला आले न्हाई.

आकाराम : मग कशाला आलाय वैनी?

चंद्राबाई : तुमाला फिरायला बाहेर काढायला.

अंबूबाई : मीच सांगावा धाडला. माझं मेलीचं कोण ऐकतंय, म्हणलं सुभेदारीणबाईंचं तरी ऐकतील. दिवाळीपास्नं घर सोडलं न्हाई ह्यांनी. शुगर खाली यायचं नाव घेईना. मिल्ट्रीच्या कँटीनातनं बिस्किटं मागवायची आन् टीव्हीम्होरं बसून पुडाच्या पुडा हाणायचा.

आकाराम : मग काय खाऊ, ऊस? सगळा गाव उसात. कोथमिरीची काडी पायजे तरी रविवारच्या बाजाराची वाट बघायची. सव्वीस जानेवारीला माजी सैनिक म्हणून सत्कार केला, तर काय दिलं? शाल आन् पेढं! शुगरवाल्याला पेढं!

अंबूबाई : आन् ते बी खाल्लं.

आकाराम : खाल्लं. सन्मानाचं हुतं.

चंद्राबाई : दाक्तर काय म्हणाले?

अंबूबाई : तोंडावर म्हणाले बाई. रोज चाला, पाल्याची भाजी खा. पायाची जाण गेली की पाय कापायलाच आणाल म्हणाले.

आकाराम : चालू कुठं? शाळेच्या ग्राउंडवर लग्नाच्या गाड्या लागत्यात. फिरायची बाग हाय ती मलकापूरला, आन् सकाळची यष्टी बंद. ऱ्हायला रस्ता. रस्त्यानं काय केलं ते तुमाला म्या सांगू व्हय वैनी?

चंद्राबाई : सांगा की. गावानं सांगितलं, पोलिसांनी सांगितलं. जो माणूस शेवटी आमच्या ह्यांच्याबरोबर चालत होता, त्यानं न्हाई सांगितलं अजून.

आकाराम : उसाचा टॅक्टर हुता. दोन ट्रॉल्या. मागली हेलकावली. झालं.

चंद्राबाई : ते मला माहीत हाय. तुमी घरात का बसलाय ते विचारते. भ्यालात?

आकाराम : पंचवीस वर्सं वर्दीत काढली. भ्यालात म्हणताय मला?

चंद्राबाई : मग बोला.

आकाराम : वैनी, आमी रस्त्याच्या डाव्या अंगानं चालत हुतो. पलटण चालती तसं. येणाऱ्या गाडीकडं तोंड करून चालावं, हे शेंबडं पोर बी सांगंल. पर आमाला पडलेली सवय. गाडी पाठीमागनं आली.

चंद्राबाई : सवय दोघांची होती.

आकाराम : व्हय. पर साहेब उजव्या बाजूला हुतं, डांबराकडं. म्या डावीकडं, गवतात.

अंबूबाई : त्यात काय? कोनतरी कडंला असणारच की.

आकाराम : तुला न्हाई कळायचं. सीनियरच्या उजवीकडनं ज्युनियर चालत न्हाई. ते सुभेदार, म्या हवालदार. एकदा म्हणाले बी, "आकाराम, आता पेन्शनीत आलो, कुठल्या बी बाजूनं चाल की गड्या." म्या म्हणलं, न्हाई साब, उजवी बाजू तुमची. मान द्यायला गेलो आन् माणूस टॅक्टरखाली दिला.

चंद्राबाई : भाऊ, आमी नोकरी संपवून गावी आलो, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, पाटील आळीतनं जरा जपून जा. त्यांच्या काळात आमची माणसं तिथनं चपला हातात घेऊन जायची. आणि तुम्ही, जाधवांचा माणूस, सगळ्या गावादेखत रोज आमच्या ह्यांना उजवी बाजू देत त्याच आळीतनं चालायचा. पहिल्या दिवशी घरी येऊन केवढे हसले होते. म्हणाले, "चंद्रा, पलटण सुटली, पण आकारामनं माझा हुद्दा गावात आणला."

आकाराम : असं बोलू नका वैनी. त्यापरीस शिव्या द्या.

चंद्राबाई : शिव्या टॅक्टरवाल्याला देते. रोज देते. तुमच्यावर रागवून बघितलं, जमलं न्हाई. पण आता पाय घालवून बसलात तर मात्र रागवेन. त्यांच्याबद्दल बोलावं असं एकच माणूस उरलंय मला ह्या गावात. उठा. आमच्या विहारापुढं फरशीचं पटांगण हाय. एकबी गाडी येत न्हाई तिथं. सकाळ-संध्याकाळ फिरा. कुणी काय म्हणालं तर मी हाय.

आकाराम : कोन म्हणतंय बघतोच... अंबू, कॅनव्हासचं बूट कुठं हाईत माझं?

अंबूबाई : आणते, आणते! देव पावला गं बाई. ते मोजं बदला आदी, परवापास्नं तेच हाईत पायात.

(आकाराम मोजा काढू लागतो. तो टाचेला चिकटलेला आहे.)

अंबूबाई : आगं आई! हे काय? ही तर बांगडीची काच. परवा माझी फुटली, तीच. मोज्यातनं आत गेलीया! आवं, तसंच फिरत हुता?

आकाराम : कसली काच?

चंद्राबाई : थांबा अंबूबाई, ओढू नका. आमच्या ह्यांनाही शुगर होती, त्यांचे पाय मीच बघायची. भाऊ, डोळं मिटा. काच काढते मी. दुखलं की सांगा.

आकाराम : मिटलं. काढा.

अंबूबाई : बाई, हळू... हळू... रगात आलं की हो!

आकाराम : कुणाला लागलं?